पहिली फेरी मेकॅनिकची

हलवायाने गोड खाल्लं नाही तर कोणाचं काही अडत नाही. पण लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याने लिफ्टमध्ये पायच ठेवायचा नाही म्हटलं तर कसं व्हायचं? राजाजीनगरच्या देवाप्पाने ही कसरत सहा वर्षं निभावली, आणि घराबाहेर कोणाला पत्ता लागू दिला नाही.

देवाप्पा मूळचा निपाणीकडचा. घरात मराठी, गल्लीत कन्नड आणि कामावर समोरचा बोलेल ती भाषा. विशीत बेंगळुरूला आला आणि लिफ्टच्या कंपनीत चिकटला तो चिकटलाच. आता पन्नाशी उलटली तरी पोट नाही, गुडघ्यांची कुरकुर नाही. सोसायट्यांमधले लोक कौतुकाने बघायचे. इमारत आठ मजल्यांची असो की बारा, देवाप्पा अण्णा हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून जिन्याने गच्चीवरच्या मशीन रूममध्ये जायचा आणि जिन्यानेच खाली यायचा. एका निवृत्त बँकवाल्याने तर आपल्या लठ्ठ मुलाला त्याचं उदाहरण दिलं होतं. देवाप्पा हसून म्हणायचा, "स्वल्प व्यायाम, सर." कसला व्यायाम नि कसलं काय. दार उघडून लिफ्टमधला दिवा दिसला तरी गड्याच्या तळहातांना घाम फुटायचा.

त्यांच्या धंद्यात एक रीत आहे. लिफ्ट दुरुस्त झाली की पहिली फेरी मेकॅनिकने एकट्याने मारायची, खालून वर आणि वरून खाली. मग माणसं चढवायची. कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण जुना मेकॅनिक नव्याला पहिल्याच दिवशी हे सांगतो. आपल्या कामावर आपलाच भरवसा नसेल तर लोकांनी का ठेवावा? देवाप्पा ही फेरी सहा वर्षं चुकवत होता. कधी म्हणायचा, आधी रिकामी चालवून बघायची असते. कधी वॉचमनला आत धाडायचा आणि स्वतः कठड्याशी उभा राहून आवाज ऐकायचा. प्रत्येक वेळी त्याला लाज वाटायची. पण पाय पुढे होत नसे.

हे घरात बायकोला, महानंदाला माहीत होतं आणि मुलीला, सिद्धीला. दोघींनी काय कमी खटपट केली? अंगारे झाले, दोन वर्षं गोळ्या झाल्या. एका समुपदेशकाकडे तो चार वेळा गेला आणि चारही वेळा पंख्याकडे बघत बसून परत आला. पाचव्या वेळी महानंदाच म्हणाली, "राहू दे. पंखा घरातबी आहे की."

मग सिद्धीचं लग्न झालं. जावई तनय पुण्याचा, आयटीतला. स्वभावाने चांगला, फक्त एका वाक्यात चार शब्द इंग्रजी. दोघांनी घर घेतलं ते व्हाइटफील्डला आणि तेही चौदाव्या मजल्यावर. देवाप्पा दर रविवारी लेकीला भेटायला चौदा मजले चढायचा. सिद्धी दार उघडायची तेव्हा बाप दाराच्या चौकटीला धरून धापा टाकत असायचा आणि हातात महानंदाने दिलेला चिवड्याचा डबा. तिने कधी विषय काढला नाही.

काढला तो तिला सातवा महिना लागल्यावर. जेवण झाल्यावर सोफ्यावर पाय लांब करून ती म्हणाली, "अप्पा, बाळाला संध्याकाळी खाली बागेत तुम्हीच न्यायचं. आमचं दोघांचं ऑफिस असतं."

देवाप्पा "होय की" म्हणाला. मग त्याने मनातल्या मनात हिशेब केला. तान्हं बाळ कडेवर आणि चौदा मजले जिना, उतरताना आणि चढताना. पाय घसरला तर? आणि घसरला नाही तरी लोक काय म्हणतील, लिफ्ट असताना हा म्हातारा लेकराला जिन्याने का हिंडवतोय? त्याचा चेहरा उतरलेला सिद्धीने पाहिला आणि तिला रडू आलं. त्या दिवसांत तिला तसंही लवकर रडू यायचं. पण ह्या वेळी देवाप्पालाही आलं.

तनयने चौकशी करून इंदिरानगरचा एक दवाखाना काढला. तिथे डॉ. प्रतिमा म्हणून मानसोपचारतज्ज्ञ होत्या, धारवाडच्या. त्यांनी आधी दोन बैठकांत नुसतं ऐकून घेतलं, रक्तदाब पाहिला, हृदयाचा आलेख काढला, आणि मग सांगितलं की केटामाइन नावाचं औषध आहे. ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला ते कित्येक वर्षं वापरतात. त्याची थोडी मात्रा सलाइनमधून हळूहळू द्यायची. शुद्ध पूर्ण जात नाही, पण माणूस स्वतःपासून जरा लांब उभा राहतो आणि जे आठवायलाही भ्यायचा ते लांबून बघू शकतो. पुढचे काही दिवस मन मऊ असतं. त्या दिवसांत बसून बोलायचं, खरं काम तिथे होतं. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हेही त्यांनी सांगितलं.

घरी आल्यावर महानंदाने हे शेजारच्या ठकुबाईंना सांगितलं. सांगायला नको होतं. ठकुबाईंचे यजमान जनावरांच्या दवाखान्यात होते. त्या म्हणाल्या, "अगं बाई, हे तर घोड्याला टोचतात." झालं. रात्रीचं जेवण त्या घोड्यावरच झालं. पुढच्या खेपेला देवाप्पाने डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "घोड्यालाही देतात आणि चार वर्षांच्या पोरालाही देतात. तुम्ही कोणत्या मात्रेचे ते आम्ही वजन करून ठरवू." देवाप्पाला बाई पटल्या.

पहिल्या दिवशी तो उपाशीपोटी गेला. खोलीत एक आरामखुर्ची, पांघरूण, बोटाला चिमटा, दंडाला पट्टा आणि डोळ्यांवर काळी पट्टी. भूलतज्ज्ञ एका बाजूला, डॉ. प्रतिमा दुसऱ्या बाजूला. कुठेतरी सतार हळू वाजत होती. थोड्या वेळाने हात लांब झाल्यासारखे वाटले, मग हात कुठे आहेत हेच कळेना. भीती कुठेच नव्हती. आपण हवेत तरंगतोय आणि अंगावरचं सहा वर्षांचं ओझं कोणीतरी उतरवून भिंतीशी ठेवलंय, एवढंच कळत होतं. उठल्यावर जरा मळमळलं, आणि मग हसू आलं. महानंदा रिक्षात त्याच्याकडे टकामका बघत होती. इतक्या वर्षांत तो असा कारण नसताना हसला नव्हता.

आता इथे त्याने जो घोळ घातला तो एखादा मेकॅनिकच घालू जाणे. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांकडे बोलायला जायचं होतं. पण देवाप्पाच्या आयुष्यात दुरुस्ती झाली की ट्रायल घ्यायची असते. त्याने ठरवलं की औषध पडलं म्हणजे काम झालं, बोलत काय बसायचं? सकाळीच तो कामावर गेला, राजाजीनगरातल्याच एका जुन्या इमारतीत. तिथल्या लिफ्टला तेलपाणी केलं आणि कोणाला न सांगता आत शिरून सातवा मजला दाबला.

तिसऱ्या मजल्यापर्यंत ठीक होतं. चौथ्याला छाती आवळली. पाचव्याच्या वर त्याने स्वतःच लाल खटका ओढून लिफ्ट थांबवली आणि खाली बसला. खटका परत ढकलला असता तर लिफ्ट चालू झाली असती, हे जगात त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? पण हात उचलेना. बाहेर लोकांची बोलाबोल सुरू झाली, कोणीतरी कंपनीला कळवलं. दहा मिनिटांनी देवाप्पाच्या खिशातला फोन वाजला. ऑफिसातली पोरगी म्हणाली, "अण्णा, तुमच्याच भागात लिफ्ट अडकलीय. आत एक माणूस आहे, लवकर जा."

देवाप्पा म्हणाला, "सरी, बरं. मी तिथंच आहे."

पुढे ही गोष्ट सांगताना तो पोट धरून हसतो. त्या दिवशी मात्र वॉचमनने आणखी एकाला घेऊन वर जाऊन लिफ्ट हाताने मजल्याला आणली तेव्हा तो भिंतीला धरून बाहेर आला आणि थेट घरी जाऊन निजला.  दुपारी महानंदाने पांघरूण ओढून काढलं. म्हणाली, "उठा. बोलायला जायचंय. काल औषध घ्यायला गेलात तसं आज तोंड उघडायला जा."

डॉ. प्रतिमा रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "अडकलेली लिफ्ट तुम्ही मजल्याला आणता कशी?"

ह्यावर देवाप्पा तासभर बोलू शकतो. मशीन रूममध्ये दोन माणसं लागतात, त्याने सांगितलं. एकाने ब्रेक उघडून धरायचा आणि दुसऱ्याने मोठं चाक हाताने बोट बोट फिरवायचं. नुसता ब्रेक उघडला आणि चाकाला कोणी नसलं तर लिफ्ट मनाला येईल तशी घसरते. बोलता बोलता तो थांबला.  मग म्हणाला, "मी आज सकाळी नुसता ब्रेक उघडून गेलो की हो."

"चाकाला आपण दोघं आहोत," बाई म्हणाल्या.

त्यानंतर त्याने एकही बैठक चुकवली नाही. तीन आठवड्यांत सहा वेळा औषध आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी बोलणं. तिसऱ्या वेळी तो दिवस दिसला.

सहा वर्षांपूर्वी तो आणि उपेंद्र एका इमारतीत काम करत होते. उपेंद्र खानापूरकडचा. पंधरा वर्षं जोडीने काम केलेलं, एकाच्या डब्यातली भाजी दुसऱ्याला ठाऊक. लिफ्टच्या तळाला खड्डा असतो, तिथे दोघं उतरले. खड्ड्यात उतरण्याआधी मेन स्विच बंद करून त्याला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची, हा नियम. त्या दिवशी पाच मिनिटांचं काम होतं. देवाप्पाने स्विच बंद केला आणि कुलपाऐवजी पुठ्ठ्याची पाटी लटकवली. वर कोणालातरी घाई होती, त्याने पाटी काढून स्विच लावला. लिफ्ट खाली आली. देवाप्पा कोपऱ्यात आडवा पडला म्हणून वाचला, लिफ्टचा तळ त्याच्या नाकावर वीतभर थांबला. उपेंद्रचा डावा पाय सापडला. अंधारात चाळीस मिनिटं दोघं तसेच होते, अग्निशमनवाले येईपर्यंत. उपेंद्रचा पाय गुडघ्याखाली गेला. आणि देवाप्पा त्यानंतर त्याला एकदाही भेटला नाही. उपेंद्रने केंगेरीला लिफ्टच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं, तर हा पठ्ठ्या साधा एक रोलर आणायला शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचा.

औषधात त्याला ते सगळं वरून दिसलं, मशीन रूमच्या फटीतून खाली बघावं तसं. खाली खड्ड्यात दोन माणसं होती. एक ओरडून थकून गप्प झाला होता. दुसऱ्याने त्याचा हात धरला होता आणि तो सोडत नव्हता. हे तो साफ विसरून गेला होता. सहा वर्षं त्याला फक्त एक गोष्ट आठवत होती, आणि ती त्याने दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितली. महानंदालाही कधी सांगितली नव्हती.

"कुलूप माझ्या पिशवीत होतं. घालायचा कंटाळा केला."

त्याला वाटलं, बाई म्हणतील तुमची चूक नव्हती. सगळे तेच म्हणत आले होते. बाई म्हणाल्या, "हो, चूक झाली. आणि हातही तुम्हीच धरला होता. दोन्ही खरं आहे." देवाप्पा ढसाढसा रडला. मग बाईंनी विचारलं, "उपेंद्रना सांगितलंत का?"

हे ऐकून त्याला लिफ्ट बरी वाटली. उपेंद्रकडे जायला त्याने आणखी पाच आठवडे लावले. एक बैठक गेली, दुसरी गेली, बाई विचारायच्या आणि हा छताकडे बघायचा. मधल्या काळात सहाही खेपा संपल्या, लिफ्टमध्ये उभं राहून दार उघडं ठेवणं जमलं, एक मजला जाणंही जमलं, पण बाई शेजारी असताना. मग सिद्धी बाळंत झाली, मुलगी झाली. पहिलं बाळंतपण खरं माहेरी, पण डॉक्टर व्हाइटफील्डचा, म्हणून महानंदाच तिकडे जाऊन राहिली. बारसंही तिथेच करायचं ठरलं. आमंत्रणाची यादी करताना ती म्हणाली, "उपेंद्र भावजींना सांगायचं की नाही?" आता मात्र पळायला वाट राहिली नाही.

केंगेरीच्या दुकानात उपेंद्र गल्ल्यामागे बसला होता. केस पांढरे झाले होते. देवाप्पाने वाटेत पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं, कुलूप पिशवीत होतं, मी कंटाळा केला, तुझा पाय माझ्यामुळे गेला.

उपेंद्रने हातातली पावती खाली ठेवली. "पिशवी खड्ड्याशी मीच आणून ठेवली होती. कुलूप वाजलं त्यात. मी म्हणालो का तुला, घाल म्हणून? मलाबी घरी जायची घाई होती." मग त्याचा आवाज चढला. "एवढ्यासाठी सहा वर्षं आला नाहीस होय? मला वाटलं, लंगड्याकडे काय जायचं, असं वाटलं असेल तुला. मी बायकोला म्हणायचो, देवाप्पा येईल बघ ह्या दिवाळीला. शहाण्या, चाळीस मिनिटं हात धरलास आणि मग सहा वर्षं सोडून दिलास."

 देवाप्पाने उपेंद्रचा हात धरला. गिऱ्हाईक आलं, थांबलं आणि दुसऱ्या दुकानात गेलं. चहा आला तेव्हा त्याने बारशाचं आमंत्रण दिलं.

"कितवा मजला?"

"चौदावा."

"लिफ्ट आहे ना?"

"आहे."

"मग येतो की."

बारशाच्या दिवशी उपेंद्र मेट्रोने आला. गेटपासून जयपूर फूटवर टकटक करत, नवा शर्ट, हातात झबल्याचा डबा. देवाप्पा खाली वाट बघत होता. सकाळी फुलं, पेढे, पाळण्याची दोरी, सगळं त्याने चार खेपांत जिन्याने वर नेलं होतं. लिफ्टचं दार उघडलं. देवाप्पा सवयीने म्हणाला, "तू जा पुढं, मी जिन्यानं आलोच."

उपेंद्र लिफ्टच्या दारातून मागे सरला. मग म्हणाला, "त्या दिवसानंतर मी आठ महिने ह्यात चढलो नाही. भावाने पाठीवर घेऊन वरखाली केलं. आजबी एकट्याने जात नाही, कोणी सोबतीला येईपर्यंत दाराशी थांबतो. आणि तू म्हणतोस, पुढं जा?"

सहा वर्षांत देवाप्पाच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. तो लाजला. मग तो आधी आत गेला, मेकॅनिकने जावं तसा, आणि दार धरून ठेवलं. उपेंद्र आला. दार मिटलं. देवाप्पाचे तळहात ओले झाले होते, हे काही औषधाने पुसून टाकलेलं नव्हतं. भीती तिथेच होती, पण तिच्यासकट उभं राहता येत होतं. त्याने उपेंद्रचं मनगट धरलं आणि चौदा दाबलं. दोघंही आकड्यांकडे बघत होते. पाच गेला. सहा गेला.

नवव्या मजल्याशी देवाप्पाने मान तिरकी केली. "ऐकतोस?"

"ऐकतोय. डाव्या दाराचा रोलर."

"झिजलाय. किती दिवस घासतोय काय की. ह्या लोकांना कान नाहीत?"

"सर्व्हिस कोणाची आहे इथे?"

चौदावा आला, दार उघडलं, पण दोघं बाहेर पडेनात. एकजण दार धरून होता, दुसरा वाकून वरच्या पट्टीत बोट घालून बघत होता. बायका पाळण्याभोवती खोळंबलेल्या. शेवटी महानंदा हातातलं कुंकवाचं ताट तसंच घेऊन बाहेर आली. नवरा लिफ्टमध्ये उभा असलेला तिने पाहिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडाने ती एवढंच म्हणाली, "आत या दोघं. पोरगी नाव ठेवायच्या आधीच झोपायला लागली."

नाव रेणुका ठेवलं, देवाप्पाच्या आईचं. जेवणं झाली, तनयने उपेंद्रला बळेच तिसरी जिलबी वाढली. दुपार उतरली तशी रेणुका जागी झाली आणि किरकिर करायला लागली. देवाप्पाने तिला दुपट्यात गुंडाळून उचललं आणि चपला घातल्या. सिद्धी दारापर्यंत आली. बापाच्या खांद्यावरचं ते इवलंसं डोकं आणि पुढे चौदा मजले, तिला राहवलं नाही.

"अप्पा, जिन्याने नेताय?"

"वेडी का तू?" देवाप्पा बटण दाबत म्हणाला. "तान्ह्या लेकराला घेऊन जिन्यानं कोण जातं?"